अंतराळस्थानकातील कैदी आणि पंख्याचे बटण

बालमित्रांनो, मे महिन्यातली सोलापूरची दुपार तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवली असेल. पारा त्रेचाळीस अंशांच्या आसपास गेलेला असतो, छपराचे पत्रे तापलेले असतात आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. डोक्यावरचा पंखा दोनचार गिरक्या घेऊन थांबतो. मग आपण काय करतो? आजी उंबऱ्याशी बसून पुठ्ठ्याने वारा घेऊ लागते आणि आपण ओट्यावर नाहीतर कडुनिंबाखाली जाऊन बसतो. पंखा थांबला म्हणून कोणी गुदमरत नाही. कारण दाराबाहेर हवा आहे आणि ती कोणाच्या परवानगीवाचून मिळते.

आता अशा घराची कल्पना करा, की ज्याला 'बाहेर' असे काही नाहीच. जमिनीपासून चारशे किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने, दर नव्वद मिनिटांनी पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालणारे ते घर आहे. त्याला आपण 'भीमा' असे नाव देऊ. 'भीमा' हे अंतराळस्थानक अर्थातच काल्पनिक आहे. त्यात सात माणसे राहतात. आणि एके दिवशी त्या सातांपैकी एकजण रागाच्या भरात हातातला लोखंडी पाना दुसऱ्याच्या डोक्यात घालतो. जखमीवर उपचार होतात, मारणाऱ्याला बाकीचे पाचजण धरतात. पुढे काय?

तुम्ही म्हणाल, "पोलिसांना बोलवा." पोलीस चारशे किलोमीटर खाली आहेत. तुम्ही म्हणाल, "मग कोंडून ठेवा." कोठे? किती दिवस? कोणाच्या हुकमाने? त्याला जेवण किती द्यायचे? आणि त्याच्या कोठडीतल्या पंख्याचे बटण कोणाच्या हातात ठेवायचे? हा शेवटचा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल. पण सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. तो का, ते आता पाहू.

कायदा कोणाचा?

प्रथम हे ठरवले पाहिजे, की जेथे कोणत्याच देशाची जमीन नाही तेथे कायदा चालतो तरी का? हा प्रश्न अंतराळाच्याही आधी बर्फावर उभा राहिला होता. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात 'टी-३' नावाचा बर्फाचा एक प्रचंड तुकडा बेटासारखा तरंगत असे. त्यावर अमेरिकन शास्त्रज्ञांचे संशोधनकेंद्र होते. जुलै १९७० मध्ये तेथे घरगुती दारूवरून भांडण झाले आणि त्यात एका माणसाच्या हातून बंदुकीची गोळी सुटून दुसरा ठार झाला. त्या हिमखंडावर कोणत्याही देशाचे राज्य नव्हते. तरीही त्या माणसाला अमेरिकेत नेऊन त्याच्यावर खटला भरण्यात आला. पुढे वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा रद्द केली, खटला पुन्हा चालला आणि अखेर तो सुटला. पण गंमत अशी की, अशा जागी अमेरिकेचा कायदा लागू होतो की नाही यावर वरिष्ठ न्यायालयातील न्यायाधीशांची मते समसमान विभागली गेली!

अंतराळासाठी मात्र जगातील राष्ट्रांनी आधीच विचार करून ठेवला होता. १९६७ साली झालेल्या बाह्य अवकाश कराराप्रमाणे अवकाश आणि त्यातील ग्रहगोल यांवर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. परंतु अवकाशात पाठवलेले यान ज्या देशाच्या नोंदवहीत नोंदलेले असते, त्या देशाचा अधिकार त्या यानावर आणि त्यातील माणसांवर कायम राहतो. समुद्रात जहाजावर ज्या देशाचे निशाण, त्या देशाचा कायदा. तसाच हा प्रकार.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक मात्र अनेक देशांनी मिळून बांधले आहे. त्यासाठी १९९८ साली पंधरा देशांनी एक वेगळा करार केला. त्याच्या बाविसाव्या कलमाचा सारांश असा, की अंतराळवीराने गुन्हा केला तर त्याच्यावर कारवाई करण्याचा अधिकार प्रथम त्याच्या स्वतःच्या देशाचा. २०२२ साली कॅनडाने आपल्या फौजदारी कायद्यात दुरुस्ती करून, कॅनडाच्या अंतराळवीराने चांद्रमोहिमेत किंवा चंद्रावर केलेला गुन्हा हा कॅनडातच केला असे मानावे, अशी तरतूद केली.

आणि आपला देश? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. भारतीय नागरिकाने भारताबाहेर कोणत्याही ठिकाणी केलेल्या गुन्ह्याला ती लागू होते. १८६० च्या जुन्या दंडसंहितेतही अशीच तरतूद होती. 'कोणत्याही ठिकाणी' हे शब्द लिहिणाऱ्यांच्या मनात त्या काळी बोटी आणि परमुलूख असणार. पण ते शब्द थेट अंतराळापर्यंत पोहोचतात.

म्हणजे 'भीमा'वरचा गुन्हेगार शेवटी पृथ्वीवरच्या न्यायालयात उभा राहील. पण तोपर्यंतचे काय? आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या आचारसंहितेनुसार तेथील प्रमुखाला, सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी गरज पडल्यास, वाजवी तेवढे बळ वापरण्याचा किंवा एखाद्याला बांधून ठेवण्याचा अधिकार आहे. एखादा अंतराळवीर भान हरपून हिंसक झाला तर काय करायचे, याच्या अमेरिकन अंतराळसंस्थेच्या लेखी सूचना २००७ साली वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाल्या होत्या. त्याची मनगटे आणि घोटे चिकटपट्टीने बांधावेत, लवचीक दोरीने त्याला जखडावे, लागल्यास शांत करणारे औषध द्यावे, आणि त्याच्याशी बोलत राहावे, असे त्यांत म्हटले होते.

ही झाली तातडीची तजवीज. माणसाला तासभर बांधून ठेवणे वेगळे आणि आठवडेच्या आठवडे कैदेत ठेवणे वेगळे. आज पृथ्वीभोवतीच्या स्थानकावरून माणसाला खाली आणायला तास, फार तर एखादा दिवस लागतो. चंद्रावरून तीन दिवस लागतील. मंगळावरून मात्र कित्येक महिने, आणि निघण्याची योग्य वेळ सुमारे सव्वीस महिन्यांतून एकदाच येते! तेथे कैद्याला कसे वागवायचे याचे नियम गुन्हा घडण्यापूर्वीच लिहून ठेवावे लागतील. रागाच्या भरात लिहिलेले नियम कधीच चांगले नसतात.

कोठडीचे गणित

चला, आता कागद-पेन्सिल घ्या. आंतरराष्ट्रीय स्थानकात अंतराळवीरांना झोपण्यासाठी छोट्या खोल्या आहेत. खोल्या कसल्या, घरातल्या मोठ्या कपाटाएवढ्या जागा त्या! प्रत्येकीत साधारण दोन घनमीटर, म्हणजे दोन हजार लिटर हवा मावते. 'भीमा'वरच्या कैद्याला अशाच एका कपाटात ठेवले असे समजू.

माणूस दिवसाला सुमारे एक किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो. त्याचे आकारमान साडेपाचशे लिटरांच्या घरात जाते. म्हणजे दर तासाला वीस लिटरांहून थोडे अधिक. दोन हजार लिटर हवेत दर तासाला वीस लिटर म्हणजे किती टक्के? बरोबर, एक टक्का. कपाट पूर्ण बंद असेल तर तीन तासांत त्या हवेत तीन टक्के कार्बन डायऑक्साइड जमेल. आपल्या नेहमीच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. तीन टक्क्यांना डोके दुखू लागते आणि श्वास जोरजोराने चालू लागतो. पाच टक्क्यांना धाप लागते. दहा टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. लक्षात घ्या, प्राणवायू संपण्याच्या पुष्कळ आधी माणूस स्वतःच्याच उच्छ्वासाने बेजार होतो.

तुम्ही म्हणाल, "कपाटाचे दार थोडे उघडे ठेवले म्हणजे झाले." पृथ्वीवर तेवढ्याने भागले असते. येथे उच्छ्वासाची गरम हवा हलकी असल्यामुळे वर जाते आणि तिची जागा घ्यायला थंड हवा येते. पण अंतराळस्थानकात वजनरहित अवस्था असते. तेथे 'हलके' आणि 'जड' यांना अर्थ उरत नाही, 'वर' आणि 'खाली' यांनाही नाही. गरम हवा वर जातच नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेला उच्छ्वास त्याच्या नाकातोंडाभोवतीच रेंगाळत राहतो आणि तोच पुन्हा आत घेतला जातो. म्हणून स्थानकात पंखे अखंड चालू ठेवावे लागतात. आपल्याकडे पंखा सुखासाठी असतो; तेथे तो जगण्यासाठी असतो.

आता कळले ना, मी पंख्याच्या बटणाविषयी का विचारले ते? पृथ्वीवरच्या तुरुंगात रखवालदाराच्या हातात कुलपाची किल्ली असते. अंतराळातल्या तुरुंगात त्याच्या हातात कैद्याचा श्वास असतो.

आणखी एक गोष्ट पाहा. स्थानकात पाणी फिरून फिरून वापरले जाते. माणसांचा घाम, उच्छ्वासातील बाष्प आणि मूत्र यांपासून पुन्हा पिण्याचे पाणी तयार करतात. २०२३ साली आंतरराष्ट्रीय स्थानकात अशा रीतीने अठ्ठ्याण्णव टक्के पाणी परत मिळवण्यात यश आले. म्हणजे कैद्याच्या श्वासातील ओलावा उद्या रखवालदाराच्या पेल्यात येणार आणि रखवालदाराचा घाम कैद्याच्या पेल्यात! जातपात, मानअपमान, गुन्हेगार आणि सज्जन यांतले काहीच त्या यंत्राला ठाऊक नसते.

व्यायामाचेही तसेच. वजनरहित अवस्थेत हाडांवर भार पडत नाही, म्हणून ती झिजू लागतात. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होऊ शकते. म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास यंत्रांवर व्यायाम करतात. कैद्याला व्यायाम नाकारला, तर ती नुसती कैद राहत नाही. हळूहळू त्याची हाडे ठिसूळ करण्याची शिक्षा होते. आणि ती शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिलेली नसते.

पहिले कलम : हवा ही शिक्षा नाही

हवेचा प्रश्न केवळ अंतराळातला आहे असे समजू नका. नोव्हेंबर १९२१ मध्ये मलबारात, म्हणजे आजच्या केरळात, ब्रिटिश सरकारने उठावातील शंभराच्या आसपास कैदी तिरूर स्थानकावर रेल्वेच्या एका बंद मालडब्यात कोंबले. डब्यात पुरेशी हवा येत नव्हती. आतून लोक पाण्यासाठी आणि हवेसाठी ओरडत राहिले. पोदनूरला दार उघडले तेव्हा आत प्रेतांचा खच पडला होता. सुमारे सत्तर माणसे या प्रकारात दगावली. त्यांना कोणी फाशीची शिक्षा दिलेली नव्हती. त्यांना फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचे होते!

आपण आत्ता केलेले गणित त्या डब्याचा हुकूम देणाऱ्याने केले असते तर? कैदी किती, डब्याचे आकारमान किती, प्रवास किती तासांचा, एवढ्या तीन आकड्यांवरून उत्तर मिळाले असते. विज्ञान न वापरणे हीसुद्धा कधीकधी क्रूरता होते.

संयुक्त राष्ट्रसंघाने कैद्यांना वागवण्याचे किमान नियम तयार केले आहेत. ते प्रथम १९५५ साली ठरले आणि २०१५ साली सुधारून घेण्यात आले. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेला यांचे नाव त्यांना दिले आहे. कैद्याच्या खोलीत हवा किती घनमीटर आहे, जमीन किती आहे, उजेड आणि वायुवीजन कसे आहे, याकडे लक्ष दिले पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. शिक्षा म्हणून अन्न किंवा पिण्याचे पाणी कमी करण्यास त्यांत मनाई आहे. 'भीमा'साठी आपण त्यात एका शब्दाची भर घालू : हवा. कोठडीचा पंखा चालू ठेवण्याचे बटण कैद्याच्या बाजूला असेल, आणि तो बंद पडल्यास सर्वांना ऐकू जाईल अशी घंटा वाजेल. हे आपले पहिले कलम.

दुसरे कलम : पकडणारा आणि न्याय देणारा वेगळा

आता पुन्हा सोलापुरात या. सोलापुरातून जाताना चार हुतात्म्यांचे पुतळे तुम्ही पाहिले असतील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही त्यांची नावे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापुरात मोठा उठाव झाला. १२ मे १९३० रोजी सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला आणि तो जवळजवळ सात आठवडे चालला. राष्ट्रीय निशाण लावणे आणि गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरला. उठावाच्या खटल्यात हे चौघे दोषी ठरवले गेले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

लष्करी कायदा म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगायचे तर, नियम करणारा, नियम मोडणाऱ्याला पकडणारा आणि त्याला शिक्षा ठोठावणारा, हे तिन्ही एकाच वर्दीत असतात. सकाळी हुकूम निघतो, दुपारी तो मोडल्याबद्दल अटक होते, संध्याकाळी शिक्षा. 'माझे चुकले नाही' असे कोणाला सांगायचे, तर पकडणाऱ्यालाच!

अंतराळस्थानकाच्या प्रमुखाची जागा नेमकी अशीच असते. तो वाईट माणूस असतो असे नाही. पण हुकूम त्याचा, पहारा त्याचा आणि जखमी झालेला माणूसही कदाचित त्याचाच मित्र. म्हणून 'भीमा'च्या नियमावलीचे दुसरे कलम असे : प्रमुखाने धोका टळेपर्यंत माणसाला अडवून ठेवावे, त्याच्या गुन्ह्याचा निवाडा मात्र त्याने करू नये. तो पृथ्वीवरच्या न्यायालयाने करावा.

पृथ्वीभोवतीच्या स्थानकावर हे सोपे आहे, कारण बोलणे क्षणात पोहोचते. मंगळावरून मात्र रेडिओसंदेश यायला अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे लागतात आणि उत्तर जायला पुन्हा तेवढीच. तरीही निवाडा अर्ध्या तासाने उशिरा आला तर काही बिघडत नाही. सोलापूरच्या लोकांना ते सांगायला नकोच.

तिसरे कलम : जन्माने कोणी कैदी नाही

सोलापुरात 'सेटलमेंट' नावाने ओळखला जाणारा भाग आहे. हे इंग्रजी नाव तेथे कसे आले, हे कधी विचारले आहे का? १८७१ साली ब्रिटिश सरकारने एक कायदा केला. त्याने काही जमातींच्या जमातीच 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करता येऊ लागल्या. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा कित्येक जमातींच्या लोकांना, त्यांच्यापैकी कोणी चोरी केली असो वा नसो, ठरावीक वसाहतींत ठेवण्यात आले. सोलापूरची वसाहत मोठी होती. तिच्याभोवती तारेचे कुंपण होते. रोज हजेरी द्यावी लागे. बाहेर जायला परवाना लागे. बाप आत, आई आत आणि मुलेही आत. जे मूल कुंपणाच्या आत जन्मले, ते पाळण्यात असतानाच गुन्हेगार जमातीतले ठरले! मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता.

देश स्वतंत्र झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा सबंध भारतातून रद्द झाला. तो दिवस आजही 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. कुंपण गेले, पण लोकांच्या मनातला संशय तारेपेक्षा चिवट निघाला. त्या वसाहतीत राहिलेल्यांची पणतवंडे कदाचित तुमच्याच वर्गात बसत असतील. त्यांच्या पणजोबांचा अपराध कोणता होता? काहीच नाही. त्यांचा जन्म हाच अपराध ठरवला गेला होता.

तुम्ही विचाराल, "पण याचा अंतराळाशी काय संबंध?" विचार करा. पुढेमागे चंद्रावर किंवा मंगळावर वसाहती झाल्या, तर तेथे मुले जन्मतील. त्यांना बाहेर जाता येणार नाही. हवा, पाणी, अन्न सगळे मोजून मिळेल. कुंपण तारेचे नसेल, निर्वात पोकळीचे असेल. अशा जागी एखाद्या कुटुंबाला, एखाद्या देशाच्या लोकांना 'हे असलेच' असे म्हणून वेगळे काढले, तर ते कोठे जातील? म्हणून तिसरे कलम : शिक्षा एकाच्या कृत्याची एकालाच. एकासाठी सर्वांना नाही, आणि जन्मासाठी तर कोणालाच नाही.

चौथे कलम : एकटेपणाला मर्यादा

'भीमा'वरचा तो माणूस कपाटाएवढ्या जागेत एकटा आहे. हवा आहे, पाणी आहे, व्यायाम आहे. मग झाले का सगळे? नाही. माणसाला माणूसही लागतो. आत्ताच उल्लेख केलेल्या मंडेला नियमांप्रमाणे, दिवसाचे बावीस तास किंवा अधिक काळ माणसाशी खऱ्या अर्थाने संबंध न येऊ देणे याला एकांतवास म्हणतात, आणि असा एकांतवास सलग पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ देण्यास मनाई आहे. सतत अंधारात किंवा सतत झगझगीत उजेडात ठेवण्यासही मनाई आहे.

स्थानकात हा शेवटचा नियम विशेष महत्त्वाचा. तेथे चोवीस तासांत सूर्य जवळजवळ सोळा वेळा उगवतो आणि सोळा वेळा मावळतो. दिवस आणि रात्र दिव्यांनीच करावी लागते. दिव्याचे बटण दुसऱ्याच्या हाती असेल तर कैद्याची झोपही दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून चौथे कलम : दिवा वेळेवर मालवावा, रोज कोणीतरी त्याच्याशी बोलावे, आणि पृथ्वीवरच्या घरच्यांशी व वकिलाशी त्याचे बोलणे कोणालाही तोडता येऊ नये.

पाचवे कलम : काम आणि विश्वास

आता शेवटचे गणित. 'भीमा'वर सात माणसे. त्यांतला एक कैदी. त्याच्यावर चोवीस तास पहारा ठेवायचा तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे तीन माणसे. सातांतून चार गेले, उरले तीन. त्यांतला एक जखमी! मग प्राणवायूचे यंत्र कोण पाहणार? पाण्याचे यंत्र कोण दुरुस्त करणार? कैदी सांभाळता सांभाळता स्थानकच बंद पडायचे. अंतराळात मोठा तुरुंग चालवणे परवडतच नाही. दुसरा काही मार्ग शोधायलाच हवा.

तो मार्ग सोलापूरपासून फार दूर नाही. सांगोल्याच्या पलीकडे, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत आहे. पूर्वी हा मुलूख औंध संस्थानात होता. १९३९ साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने भारतानंद यांनी तेथे एक प्रयोग सुरू केला. भारतानंद हे मूळचे पोलंडचे इंजिनिअर. त्यांचे मूळ नाव मॉरिस फ्रिडमन. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना बेड्या न घालता, भिंती न बांधता, माळरानावर शेती करायला त्यांनी वसवले. कैद्यांना कुटुंबासह राहण्याची मुभा मिळाली. पहारा होता तो विश्वासाचा. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे त्याच आटपाडी परिसरातले.

स्वतंत्रपूरला भिंत नव्हती, तरी माणसे राहिली. अंतराळस्थानकात तर चहूबाजूंनी भिंतच आहे, आणि पळून जाणार तरी कोठे? मग बेड्या कशाला? धोका टळला, डोके शांत झाले, डॉक्टरांनी पाहिले, की त्या माणसाला सुरक्षित असे काम द्यावे. अवजारे मोजून द्यावीत, मोजून घ्यावीत. ज्याला त्याने मारले त्याच्या वाट्याचे काम तो बरा होईपर्यंत यानेच करावे. हे पाचवे कलम. यात दया आहे खरी. पण तेवढेच गणितही आहे. ज्या घरात सात माणसांच्या चौदा हातांवर सगळ्यांचा श्वास अवलंबून असतो, तेथे दोन हात फुकट घालवणे शहाणपणाचे नाही.

सहावे कलम

मित्रांनो, हे सारे दूरच्या भविष्यातले आहे असे समजू नका. १९८४ साली राकेश शर्मा सोव्हिएत स्थानकात राहून आले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकात राहून आले. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचा आपल्या देशाचा संकल्प आहे. तुमच्यापैकी जो आज चौदा वर्षांचा आहे, तो तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर असेल. त्या स्थानकाचे पंखे तयार करणारे इंजिनिअर तुमच्यातून निघतील. त्याचे नियम लिहिणारे वकीलही तुमच्यातूनच निघतील. त्या दोघांनी एकमेकांशी बोलले पाहिजे, एवढेच या लेखाचे सांगणे. पंखा कोठे बसवायचा हे इंजिनिअर ठरवील. पण बटण कोणाच्या हाती द्यायचे हा न्यायाचा प्रश्न आहे.

तोवर एक अभ्यास करा. तुमच्या राहत्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजून तिचे आकारमान काढा. खोली पूर्ण बंद आहे असे कागदावर धरून (कागदावरच बरे का, प्रत्यक्षात मुळीच नाही!), घरातील जेवढी माणसे तीत झोपतात त्यांच्या उच्छ्वासाने तीन टक्के कार्बन डायऑक्साइड व्हायला किती तास लागतील ते शोधा. मग तेच गणित शंभर माणसे असलेल्या एका मालडब्यासाठी करून पाहा. डबा सुमारे पन्नास घनमीटरांचा धरा. उत्तर पाहून क्षणभर गप्प बसाल.

आणि मग 'भीमा'च्या नियमावलीकडे वळा. तिची पाच कलमे आपण मिळून लिहिली. सहावे कलम मुद्दामच कोरे ठेवले आहे. ते तुम्ही लिहा. लिहिताना एकच पथ्य पाळा : त्या कपाटात आपण स्वतः असू शकतो, असे समजून लिहा.